भूकंपाची अफवा कशी उठवावी? (नवशिक्यांसाठी)

किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं झोपली होती. सुमारे दहा हजार माणसं गेली. म्हणून लातूर-नांदेडकडे या धंद्याला भांडवल लागत नाही. भीती घरोघर तयार आहे, तुम्ही फक्त वेळ सांगायची.

वेळ नेमकी द्या. 'रात्री कधीतरी' म्हणाल तर लोक घोरतील. '३ वाजून २० मिनिटं' म्हणा, अंगणात सतरंज्या पडतात. रिश्टर आठाच्या वर ठेवा. खाली 'नासा' लिहा. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं नाव टाळा; झालेल्या धक्क्यांची नोंद त्यांच्या संकेतस्थळावर असते, उगीच कुणीतरी बघायचं. (बघत नाहीत, पण जपलेलं बरं.)

मेसेजपेक्षा फोन चांगला. लातूरच्या मावशीला विचारा, "झोपलीस का? आज झोपू नका म्हणालेत." कोण म्हणालं, हे मावशी विचारत नाही. ती लगेच नांदेडला लेकीला लावते, "लेकरू घेऊन बाहेर बस गं, कलेक्टर ऑफिसात पत्र आलंय म्हणे." पत्राचं तुम्ही बोललाच नव्हता. ते वाटेत आपोआप तयार होतं.

जमिनीतून आवाज आला तर सोनंच. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत आवाज येत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये लातूरच्या विवेकानंद चौकाजवळ आवाज आला, पण भूकंपमापकावर काहीच उमटलं नाही. अशा वेळी खचू नका, 'दडपलंय' म्हणा. खरा धक्का बसला तर आणखी सोपं. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यातल्या ४.५ च्या धक्क्यानं नांदेडही हादरलं, आणि काही मिनिटांत दुसरा, लहान धक्का आला. तुम्ही 'आता मोठा येणार' एवढंच म्हणायचं. लहान आला तरी शब्द तुमचाच खरा.

ऐकणारा अडाणी लागतो का? मुळीच नाही. हे लातूर पॅटर्नचं गाव आहे. नीटच्या फिजिक्समध्ये लाटांची गणितं चुटकीसरशी सोडवणारं पोरगं घरच्या ग्रुपवर तुमचा मेसेज सगळ्यांच्या आधी ढकलतं. खाली चार पर्याय दिलेले नसले की त्याला शंका येत नाही.

एक पथ्य मात्र पाळा: बोलणं घराच्या बांधकामाकडे वळू देऊ नका. किल्लारीत जीव घेतले ते दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या ओझ्यानं. उद्या कुणी मिस्त्रीला विचारलं, की कॉलमला सळई किती, रिंगा किती अंतरावर, खाली पार्किंगला नुसते खांब ठेवलेत ते चालतील का, तर तुमचा धंदा बसला. तशी धास्ती घेऊ नका. टाइल्सच्या रंगावर महिनाभर भांडणारं घर रिंगांचं विचारत नाही.

भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या आजवर कुणालाच साधलेली नाही, जपानलाही नाही. एवढं एक वाक्य ग्रुपवर टाकून बघा. ते कुणी पुढे पाठवत नाही.