ओढायचं की हाकायचं

करकंबचे आबा घर घेणार आहेत. घर तसं आहेच. दोन मजली, आरसीसी, पुढं ओटा, मागं बेदाण्याचं शेड. हे दुसरं घर चाकांचं. त्यात झोपायचं, त्यातच चहा टाकायचा आणि सकाळी दार उघडलं की समोर गणपतीपुळ्याचा समुद्र. प्रश्न एवढाच उरलाय की इंजिनासकट असलेली मोटरहोम घ्यायची, की बोलेरोच्या मागं जोडून न्यायची कॅरव्हॅन. एवढाच प्रश्न उरल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

आबा म्हणजे कुणी एक गृहस्थ समजू नये. पंढरपूरहून टेंभुर्णीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर करकंब येतं, आणि इथून कासेगावापर्यंतच्या द्राक्षपट्ट्यात वाडी-वस्तीला असा एखादा आबा सापडतोच. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि टायरची हवा मोजायचं गेज. मुलगा पुण्यात कंपनीत, सून त्याहून मोठ्या कंपनीत. मधल्या एका साली बेदाण्याला दर बरा लागला आणि खर्च करायची ऐपत आली. हात मात्र सुटला नाही. फिरायची हौस दांडगी, पण लॉजच्या गादीवर विश्वास नाही. खोलीत गेल्यावर आबा आधी उशी हुंगतात, मग नळ सोडून पाणी पिवळं येतं का बघतात, मग रात्रभर स्वतःच्या टॉवेलवर डोकं ठेवून जागे राहतात. अशा माणसानं घर सोडायचं तर घर बरोबर घेऊनच सोडायला हवं, हे ओघानं आलं.

त्यांचा अभ्यास खत कंपनीच्या डायरीत आहे. हौसेखातर चाकावरच्या घरातून फिरायची कल्पना कुणाची, इथपासून सुरुवात. तर विलायतेत गॉर्डन स्टेबल्स नावाचे नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर होते. त्यांनी १८८५ साली ‘वाँडरर’ नावाची लाकडी गाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जोडले आणि देश बघायला निघाले. बरोबर गाडीवान, शिवाय रस्ता मोकळा करायला पुढं तीनचाकी सायकलवरून एक गडी. ही सायकलवाल्या गड्याची गोष्ट आबांना फार भावली. जर्मनीत १९३१ साली आरिस्ट डेथलेफ्स या चाबूक बनवणाऱ्या कारखानदारानं मोटारीमागं ओढायचं घर केलं. धंद्यासाठी त्याला सारखं गावोगाव हिंडावं लागे आणि त्याच्या चित्रकार बायकोला बरोबर जायचं होतं. हे आबांनी आपल्या बायकोला, म्हणजे काकींना, मोठ्या उत्साहानं सांगितलं. काकी म्हणाल्या, “म्हंजी बायकोनं तोंड उघडल्यावर त्यानं करून टाकलं. डायरी न्हाई लिहीत बसला.”

खरं तर इतक्या लांब जायची गरज नव्हती. भीमेकाठी माचणूरजवळ ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं पडून होती. तंबू, बाजार, हत्ती, कचेऱ्या, सगळं चालतं-फिरतं शहर. मोगल बादशहांच्या डेऱ्यांचे दोन संच असत. बादशहा एका डेऱ्यात असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही; त्याला पेशखाना म्हणत. दोन्हींतून एक निवडायचा घोळच नाही! पण त्याच्याकडं खजिना होता आणि आबांकडं सोसायटीचं कर्ज आहे.

कॅरव्हॅनच्या बाजूनं आबांचा मुद्दा पक्का आहे. मुक्कामाला पोचलं, घर सोडलं, हुक काढला की बोलेरो मोकळी. भाजी आणायला अख्खं घर घेऊन बाजारात शिरावं लागत नाही. शिवाय घराला इंजिन नाही, म्हणजे ऑइल नाही, फिल्टर नाही, सर्व्हिसिंग नाही. मोटरहोमचं मात्र तसं नाही. ती वर्षातून दहा दिवस चालणार आणि उरलेले दिवस शेडपुढं उभी राहून बॅटरी उतरवणार. तोवर उंदीर वायरिंग खाणार, आणि करकंबचे उंदीर बेदाण्यावर पोसलेले.

पण मोटरहोमच्या बाजूनंही आबांचा मुद्दा तेवढाच पक्का आहे, हीच पंचाईत. चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणसानं बसायचं नसतं. म्हणजे मागं पलंग, पंखा, फ्रीज ओढत न्यायचा आणि आपण पुढं बोलेरोत घामाघूम. वजनाचं गणित आणखी वेगळं. नवख्यानं सामानासकट कॅरव्हॅनचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं, असं इंग्लंडातले जाणते सांगतात. म्हणजे दीड टनाच्या गाडीमागं पावणेतेराशे किलो. त्यातही सामान मागच्या टोकाला जास्त भरलं तर वेगात कॅरव्हॅन नागासारखी वळवळू लागते आणि पुढच्या गाडीलाही हलवते. काकींचं सामान पुढच्या टोकाला राहील याची हमी आबा देऊ शकत नाहीत. त्यात लोणच्याच्या दोन बरण्या, ज्वारीचं पीठ आणि लोखंडी तवा असतो.

ओढण्याचा प्रश्न करकंबला पुस्तकातून शिकावा लागत नाही. विठ्ठलराव शिंदे कारखान्याचं दुसरं युनिट इथंच आहे. हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लावून उसाच्या गाड्या अशा रांगेनं चालतात की मोटारसायकलवाल्याला ओव्हरटेक करायला नशीब लागतं. तेव्हा आबांनी आपल्या कॅरव्हॅनविषयी टपरीवर सल्ला मागितला तो योग्य माणसांकडं. ट्रॅक्टरवरच्या पोरानं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “रिव्हर्स येतो का आबा?”

आबांना राग आला. चाळीस वर्षं गाडी चालवतोय, मला विचारतो रिव्हर्स येतो का!

मग मोकळ्या रानात चाचणी झाली. दोन चाकांची ट्रॉली मागं घेताना स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रॉलीचं बूड उजवीकडं जातं. हे आबांना तोंडपाठ होतं. डायरीत आकृतीसुद्धा होती. पण मान मागं वळवून, एक पाय क्लचवर ठेवून, चार माणसं चार बाजूंनी “येऊ द्या, येऊ द्या, बास, बास!” ओरडत असताना आकृती आठवत नाही. ट्रॉली आधी उजवीकडं गेली, आबांनी ती सावरायला स्टेअरिंग आणखी डावीकडं फिरवलं, मग ती ट्रॅक्टरच्या काटकोनात येऊन बांधाला टेकली. पोरगं शांतपणे वर चढलं, थोडं पुढं घेतलं, दोन झटक्यांत ट्रॉली सरळ लावली आणि खाली उतरताना म्हणालं, “आबा, तुम्ही डबल ट्रॉलीच घ्या. एकीत तुम्ही ऱ्हावा, एकीत काकी.”

त्या दिवसापासून पारडं मोटरहोमकडं झुकलं. म्हणजे पंधरा दिवस.

स्वस्तातला मार्ग आबांनी शोधला नसता तर ते आबा कसले? गावातल्या फॅब्रिकेटरनं सांगितलं होतं, जुना टेंपो आणा, वर सँडविच पॅनलची खोली ठोकून देतो, खिडकीला जाळीसुद्धा. आरटीओचं काम करणाऱ्या एजंटानं त्यावर पाणी ओतलं. मोटार वाहन कायदा १९८८ चा, कलम ५२. गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते ठणकावून सांगितलंय. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची कपाटं, एवढं असावं लागतं आणि गाडीला नीट मंजुरी घ्यावी लागते. “मग बिनइंजिनाची कॅरव्हॅन घेतो, तिला कशाचा आलाय कायदा?” आबा म्हणाले. एजंटानं चष्मा वर केला. कायद्याच्या लेखी ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच. त्यालाही नोंदणी, त्यालाही नंबर. इंजिन नसलेल्याला मोटार म्हणणाऱ्या कायद्यापुढं आबा थोडा वेळ हात जोडून बसले.

सरकारही या बाबतीत मागं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रानं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, त्याच वर्षी केरळनं ‘केरवान केरळ’ आणलं. कॅरव्हॅन उभी करायला पार्क असावेत, तिथं पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असावी, असं सगळं कागदावर उत्तम आहे. आबांनी ते वाचलं आणि म्हणाले, “ही सोय तर आमच्याकडं आषाढीला असती की.” यात तथ्य आहे. पंढरपुरात चंद्रभागेपलीकडं ६५ एकरावर दिंड्यांना तंबूसाठी जागा आखून देतात; नळ, दिवे, शौचालयं, दवाखाना, सगळं असतं. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी करकंबला मुक्कामाला येते, तेव्हा तिच्या दिंड्यांचे ट्रक नीट बघावेत. हौदात गाद्या आणि वळकट्या, कडेला बांधलेल्या कढया, शेगडी, पिठाची पोती, ताडपत्री, मागं पाण्याचा टँकर. ड्रायव्हरला पुढचा मुक्काम पाठ. वारकरी पायी पोचण्याआधी तंबू उभा आणि आमटी उकळत असते. हे कुठल्याही मानकात बसत नाही आणि कुणाचं काही अडत नाही. आबा दर आषाढीला त्या ट्रकांभोवती फिरतात, ताडपत्रीच्या गाठी तपासतात आणि ड्रायव्हरला ॲव्हरेज विचारतात.

आमटीवरून आठवलं. करकंबची बाजार आमटी ही साधी गोष्ट नव्हे. चार-पाच डाळी, काळा मसाला, वर तर्री, आणि खाली चुरलेली भाकरी. मोटरहोममध्ये दोन बर्नरची शेगडी असते, डोक्यावर हातभर अंतरावर छत आणि एसीसाठी खिडक्या बंद. त्यात काळ्या मसाल्याची फोडणी दिली तर पुढं ड्रायव्हर गाडी सोडून पळेल. काकींनी हा मुद्दा पहिल्याच दिवशी काढला होता. आबांनी डायरीत लिहिलं : ‘फोडणी – बाहेर.’

खरा घाव बसला तो पुण्यातल्या एका प्रदर्शनात. मोटरहोम आतून बघायला मिळाली. आबांनी चपला बाहेर काढल्या, भिंतीवर बोटांनी टकटक केली, प्रत्येक खण ओढून बघितला, पलंगावर आडवे होऊन पाय भिंतीला लागतात का बघितलं. लागले. तरी मन प्रसन्न होतं. मग त्यांनी संडासाचं दार उघडलं.

“पाणी जातं कुठं?” त्यांनी विचारलं.

“खाली कॅसेट आहे सर. अठरा-वीस लिटरची टाकी. बाहेरच्या बाजूनं छोटं दार आहे, तिथून ओढून काढायची. चाकं पण आहेत तिला.”

“आणि मग?”

“सोय असेल तिथं रिकामी करायची, सर.”

“कुणी?”

पोरगं जरा घुटमळलं. “ओनर करतात, सर.”

“मालकानं?”

चोवीस तास नोकरासारखं राबून मालक झालेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. आबांनी चपला घातल्या. इंदापूर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. इंदापूरला चहा घेताना एवढंच म्हणाले, “त्यापरीस पेट्रोल पंप बरा.”

मुलानं तोडगा काढला होता : “आबा, भाड्यानं घ्या की चार दिवस. पटली तर बघू.” आबांना ते पटण्यासारखं नव्हतं. भाड्याच्या बैलानं नांगरट होते, मुलगी बघायला जाता येत नाही, असं त्यांचं उत्तर. मुलानं या वाक्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला नाही.

शिवाय जायचं कधी? एप्रिलात खरड छाटणी. त्यानंतर काडी तयार होईपर्यंत विरळणी, शेंडा मारणं, पाणी. जून-जुलैला पाहुणे, कारण पंढरपूरच्या वाटेवर घर असणाऱ्याला आषाढीत फिरायला जाता येत नाही, लोकच त्याच्याकडं फिरायला येतात. ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग रोज आभाळाकडं बघून फवारण्या, फेब्रुवारीपासून माल, मग बेदाण्याचं शेड. मधे मोटारीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री. आबांनी सगळं वर्ष पालथं घातलं तर सप्टेंबरात नऊ दिवस मोकळे निघाले, आणि त्या दिवसांत कुंभार्ली घाटात पाऊस असतो. पावसात घाट उतरताना मागं घर ओढायचं की बुडाखाली घर घ्यायचं, यावर डायरीची सात पानं खर्ची पडली आहेत.

या काळात काकी काय करत होत्या, ते कुणी विचारलं नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीनं बायकांना अर्धं तिकीट केलं. काकींनी भजनी मंडळातल्या चौघी गोळा केल्या. तुळजापूर झालं, अक्कलकोट झालं, कोल्हापूर-ज्योतिबा झालं. पुढच्या साली गणपतीपुळ्यालाही जाऊन आल्या. भक्तनिवासात झोपल्या, उशी हुंगली नाही, समुद्रात गुडघाभर शिरल्या आणि आमसुलं घेऊन परत आल्या.

आबांनी ओट्यावर त्यांना गाठलं. डायरी हातात होतीच.

“तिथं गाडी लावायला जागा किती हाय?”

“लई हाय.”

“सपाट हाय का उतार?”

“उतार.”

आबांनी लिहून घेतलं. “रिव्हर्सला वाव?”

“ते ट्रॅक्टरवाल्या पोराला इचारा,” काकी म्हणाल्या आणि आमसुलं उन्हात घालायला वर गच्चीवर गेल्या.