पाच वाजताचा मजूर

बायबलमधल्या काही गोष्टी नाशिककराला समजावून सांगाव्या लागत नाहीत. नोहाचा पूर घ्या. गोदेचं पाणी काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं, की तारवाचं महत्त्व आम्हाला आपसूक पटतं. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट मात्र, द्राक्षांच्या जिल्ह्यात जन्म जाऊनही, मला पचत नव्हती.

मालक पहाटे बाजारात जाऊन एका दिनाराच्या रोजानं मजूर आणतो. पुन्हा नऊला, बाराला, तीनला आणि चक्क संध्याकाळी पाचला जाऊन आणखी आणतो. दिवस मावळल्यावर सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार, तोही शेवटी आलेल्यांपासून! पहाटेचे कुरकुरतात. पाळकसाहेब दरवेळी मालकाची बाजू घेतात आणि मी बाकावर बसून मनातल्या मनात पहाटेच्यांची युनियन काढतो. कारण नोकरीत मी जन्मभर दहाच्या ठोक्याला सही केली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ बाराला उगवत. वेतनवाढ दोघांना सारखी.

आमच्या ताईच्या यजमानांची, दाजींची, द्राक्षबाग गिरणाऱ्याजवळ आहे. गिरणाऱ्याला पहाटे मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूलकडून जीप भरभरून माणसं येतात. शेतकरी पिकअप घेऊन येतात, रोजाची घासाघीस होते. यंदा काढणीला मीही दाजींबरोबर गेलो. त्यांनी तरणी पोरं, चपळ बाया निवडल्या. एक म्हातारेबाबा पुढे सरकले, पण दाजींची नजर त्यांच्यावरून घसरून गेली.

दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळी बरसला की मणी तडकतात आणि व्यापारी भाव पाडतो. दाजी तीनच्या सुमाराला पुन्हा बाजारात धावले. म्हातारेबाबा तिथंच उभे. फडक्यातली भाकरी सोडलेली नव्हती. कातरी मात्र पुसून पुसून लखलखीत केलेली.

संध्याकाळी दाजींनी त्यांच्या हातावर अर्धी हजेरी ठेवली. म्हातारेबाबा जीपच्या भाड्याचे पैसे वेगळे काढू लागले, तशी ताई पुढे झाली. ‘‘अहो, त्यांचं पोट काय तीन वाजल्यापासून सुरू झालं?’’

पुरा रोज दिला गेला आणि सकाळपासून राबलेल्या बाया खवळल्या. ताई म्हणाली, ‘‘तुमच्या ठरल्या पैशातला एक रुपया कमी केला का गं?’’

मी चाट! मत्तयाचा मालक नेमकं हेच म्हणतो. आणि आमची ताई उपदेशाला हटकून डुलक्या काढते.

‘‘उद्या सगळेच तीनला आले म्हणजे?’’ दाजींनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. पण तीनला येणारा तीनपर्यंत काय करत होता, हे मी त्या दिवशी पाहिलं होतं. पहाटे पिकअपमध्ये चढलेल्याच्या अंगाला घाम आला, पण त्याची संध्याकाळची चूल सकाळीच पेटली होती. मागं राहिलेल्याच्या पोटात दिवसभर कालवाकालव. एक तारखेचा पगार कधी न चुकलेल्या माणसाला हे गणित सुचणार कुठून?

तेव्हा प्रभूचं म्हणणं मला तत्त्वतः मान्य आहे. बारावाल्या गृहस्थांना माझ्याइतकंच पेन्शन मिळतं, तेही मी सोसतो. काळजी एवढीच, की तिथं वाटप शेवटच्यापासून सुरू होतं. म्हणजे स्वर्गातही हे गृहस्थ रांगेत माझ्या पुढेच असणार.