परिपूर्ण प्रस्ताव कसा सादर करावा

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात वनहक्काचा दावा करणाऱ्याने एक गोष्ट आधी मनावर घ्यावी: प्रस्ताव घरी परिपूर्ण होत नसतो, घरी तो फक्त जाडजूड होतो. परिपूर्ण तो टेबलावर होतो, आणि तोही तपासणाऱ्याने त्यातली त्रुटी काढल्यावरच. त्रुटी काढणे हे त्याचे कामच आहे. तिची सोय अर्जदाराने करून ठेवली नाही, तर तो ती स्वतः शोधतो, आणि मग ती आधार कार्डावरच्या आडनावातल्या ऱ्हस्व-दीर्घात सापडते. ती दुरुस्त करायची म्हणजे आणखी दोन कार्यालयांचे उंबरे झिजवणे आले. म्हणून शहाण्याने अकराव्या पानानंतर थेट तेरा आकडा घालावा. बाराव्या पानाची विचारणा झाली की तिथल्या तिथे आकडे सुधारून द्यावेत. तपासणी झाल्याचे समाधान साहेबांना, पूर्तता केल्याचे आपल्याला.

यावर कायदा वाचलेले लोक हरकत घेतील, आणि त्यांची हरकत रास्त आहे. 2006 चा वनहक्क कायदा आणि त्याखालचे 2008 चे नियम कागदाच्या बाबतीत फारच दिलदार आहेत. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवायला एकाहून अधिक पुरावे लागतात. पण त्यात घर चालते, बांध चालतो, विहीर चालते, स्मशानभूमी चालते, गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. अमुकच कागद आणा असा आग्रह धरू नये, आणि ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर दावा फेटाळण्याऐवजी तो फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा, असे 2012 च्या दुरुस्तीने स्पष्टच केले. हे सगळे खरे. मात्र ‘जोडल्यास बरे होईल’ याला आग्रह म्हणत नाहीत, आणि ‘परत’ किती वेळा पाठवावे याचा आकडा नियमात नाही.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: कागद नीट पाहिले नाहीत तर कोणीही उठून जंगलावर दावा सांगेल. सांगेलच, खोटे दावे होतात. पण मग कागदाच्या भरगच्चपणावर विश्वास ठेवायचा, तर जुन्नरजवळच्या नाणेघाटाचे काय करायचे? तिथल्या लेण्यात सातवाहन घराण्याचे पुतळे होते. आज वर शिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावे कोरलेली दिसतात आणि खाली पावलांच्या जेमतेम खुणा. बाकी सगळे गायब. भिंतीवरच्या लेखात यज्ञ आणि दक्षिणा तपशीलवार नोंदल्या आहेत, पण अक्षरे जागोजागी उडालेली. अर्जदार अनुपस्थित, मजकूर खंडित, साक्षांकन नाही. असा प्रस्ताव कोणत्याही टेबलावरून त्याच दिवशी परत आला असता. अभ्यासकांनी मात्र जागेवर जाऊन, नाणी आणि इतर लेख ताडून त्यावर इतिहास उभा केला. वनहक्काच्या नियमांतही समितीने जागेवर जाऊन पाहावे असेच म्हटले आहे, कारण दगडी बांध उतारावर असतो, फाईलमध्ये नसतो. खोटा दावा पकडायचा तर तो तिथेच पकडता येतो. झेरॉक्स तर खोट्या दाव्यालाही छान निघते.

आंबेगावकरांनी तर परिपूर्णतेचा फार ताण घेऊ नये. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. मूळ गावच जागेवर नसताना तालुका अजून रद्द झालेला नाही. चतुःसीमेच्या रकान्यात चारही बाजूंना ‘पाणी’ लिहायची वेळ आली, तर निःसंकोच लिहावे.

मात्र एका बाबतीत त्रुटी ठेवू नये. प्रस्ताव देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्यावा. शिक्का पुसट उठला तर पॅडवर शाई घालायला सांगून पुन्हा मारून घ्यावा, आणि तोवर खिडकीसमोरून हलू नये.