काटकसरीचा घोडा

टेक्सासात राहून घरात एकही हत्यार नसणं म्हणजे पुण्यात राहून एकाही विषयावर मत नसण्यासारखं आहे. कायद्याला चालतं, पण लोक काळजीनं बघतात.

एच-वन व्हिसावर होतो तोवर मला सबब होती. त्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक घ्यायला मनाई असते. मात्र शिकारीचा परवाना काढला की तीच मनाई उठते. ऑम्लेटपलीकडे मजल न गेलेल्या माणसानं हरणाच्या नावानं परवाना काढणं काही प्रशस्त वाटेना. पुढे ग्रीन कार्ड आलं आणि सबब गेली. शेजारचे निवृत्त आजोबा म्हणाले, ‘‘नेमबाजीची हौसच भागवायची ना? मग पॉइंट टू-टूचं रिव्हॉल्व्हर घे. स्वस्त पडतं.’’ शेवटच्या दोन शब्दांवर माझे कान टवकारले.

स्वस्ताई खरी काडतुसात आहे. 1887 पासून चालत आलेलं हे पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतूस. बुडाला जी पितळी कड असते, तिच्या पोकळीतच ठिणगीचा मसाला भरलेला असतो. घोड्याचा ठोका त्या कडेवर बसला की बार उडतो. एका बाराला साधारण दहा सेंट. नऊ मिलिमीटरवाल्यांना याच्या दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात. रिकामी पुंगळी पुन्हा भरून वापरायची सोय मात्र नाही. ते बरंच झालं, नाहीतर श्रीखंडाचे डबे साठवणाऱ्या आमच्या घरात पुंगळ्यांना वेगळं कपाट लागलं असतं.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, ‘‘कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं, ते याच काडतुसावर.’’

‘‘त्याला सरावाची सवय आहे,’’ आई म्हणाली. ‘‘तू हार्मोनियम घेतली होतीस, ती माळ्यावर आहे.’’

आता हत्यार कुठलं? स्मिथ अँड वेसनचं 617 हातात घेतलं. दहा बारांचं, स्टेनलेस स्टीलचं, देखणं. किंमत ऐकून दुकानदाराच्या हातात अलगद परत दिलं. तेवढ्यात एका माणसाचं मुंबईचं तिकीट येतं. शिवाय नुसता चाप ओढून बार काढायची सोय असलेल्या या जातीत चाप जड असतो, कारण कडेच्या काडतुसाला ठोका जोरात लागतो. पैसेही जास्त द्या आणि बोटही दुखवून घ्या, हे आपल्यात बसत नाही.

उरली दोन, दोन्ही काउबॉय घाटाची, सहा बारांची, दर खेपेला अंगठ्यानं घोडा मागे ओढायला लावणारी. हेरिटेजचं रफ रायडर सगळ्यांत स्वस्त. त्याच्या अंगावर घोडा अडवणारा एक खटका आहे. जुन्या वळणाच्या रिव्हॉल्व्हरला असला खटका कधी नव्हता, म्हणून जाणकार नाकं मुरडतात. बायकोला नेमका तोच आवडला. ‘‘तुला घरातला गॅसचा खटका आठवत नाही,’’ ती म्हणाली, ‘‘इथे तरी सवय लागेल.’’ दुसरं रुगरचं रँगलर, 2019 साली आलेलं, तेव्हाची छापील किंमत 249 डॉलर. सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, वर पॉलिशऐवजी सेराकोटचा थर. पैसे वाचवलेत ते इथे. आत एक पट्टी असते, ती चाप पूर्ण दाबल्याशिवाय घोड्याचा ठोका पुढे जाऊच देत नाही. ही पट्टी मी बायकोला चित्र काढून समजावली आणि रँगलर ठरलं. रंग तिनं निवडला: काशासारखा.

मग सरकारी फॉर्म, क्रमांक 4473. तुम्ही फरारी आहात का, असा त्यात सरळ प्रश्न आहे. ‘हो’ लिहिणारा फरारी कोणी भेटला तर त्याला मला चहा पाजायचा आहे. दुकानदारानं माझी माहिती संगणकावर पाठवली आणि मी उगाचच शाळेतल्या सगळ्या भानगडी आठवत उभा राहिलो. होकार आला. वर विक्रीकर. घासाघीस करून पाहिली. कानांचे मफ आणि चष्मा यांवर थोडी सूट मिळाली.

आमच्या दसऱ्याच्या शस्त्रपूजेत आजवर लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हर असत. यंदा खरं शस्त्र आलं. आईची सूचना एवढीच: ‘‘रिकामं करून ठेव, आणि नळीत हळद जाऊ देऊ नको.’’

रेंजवर मात्र या हत्याराचं खरं रूप कळलं. बाजूचं दार उघडायचं, चक्री एकेक घर फिरवायची, एकेक काडतूस सरकवायचं. सहा बार झाले की दांडीनं एकेक पुंगळी ढकलून बाहेर काढायची. शेजारच्या गाळ्यातला तरुण पिस्तुलाचं मॅगझिन काही सेकंदांत उडवत होता. मी मनातल्या मनात त्याचं बिल करत होतो. माझा पन्नासांचा एक डबा संपता संपत नाही. प्रत्येक बारामागे विचार, प्रत्येक विचारामागे श्वास, आणि खर्च पाच डॉलर! मध्यमवर्गाच्या स्वभावाला इतकं सोसणारं यंत्र दुसरं झालं नसेल.

बायको मागच्या बाकावर भिंतीवरची पाटी वाचत होती. मी साबणानं शिशाची पूड धुऊन आलो, तेव्हा ती म्हणाली, ‘‘गाळ्याचं भाडं तासावर आहे. काडतुसांना पाच, भाड्याला वीस.’’

मी काउंटरवर वार्षिक सभासदत्वाची चौकशी केली. जोडप्याला सवलत आहे. आता ती म्हणते, सवलत घ्यायचीच तर तिलाही यावं लागेल, आणि दोघांनी एकाच रिव्हॉल्व्हरसाठी ताटकळण्यात काय हशील? ते 617 अजून दुकानात आहे का, हे बघायला आम्ही शनिवारी जाणार आहोत.