पंचनामा करणाऱ्याचं काय?

पोलीस ठाण्याच्या भिंतीवर 14416 चं पोस्टर चिकटवलं की आपलं काम संपलं, असं मानणाऱ्या साहेबलोकांना माझा थेट सवाल आहे. तुमच्या ठाण्यातला शिपाई तो नंबर का फिरवत नाही, हे कधी त्याला विचारलंत का?

नंबर चांगलाच आहे. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलायची सोय. माझं भांडण नंबराशी नाही. नांदेड-लातूरकडचा खाकीतला, 108 रुग्णवाहिकेवरचा किंवा अग्निशमन दलातला माणूस आपलं मन दाखवायला निघाला, तर वाटेत त्याला काय आडवं येतं, त्याबद्दल आहे.

नांदेडचा शिपाई घ्या. सरकारी मानसोपचार म्हणजे विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. याच दवाखान्यात तो आरोपीला मेडिकलला आणतो, जखमीचा जबाब घेतो, पीएमसाठी बॉडी घेऊन येतो. वॉर्डबॉय, चौकीवरचा जमादार, केसपेपर देणारा कारकून, सगळे त्याला नावानं ओळखतात. त्यानं तिथं मानसोपचाराच्या रांगेत उभं राहायचं? संध्याकाळच्या हजेरीपर्यंत ठाण्यात बातमी पोचलेली असते, ‘ह्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.’ हे वाक्य मग बदलीच्या वेळी, बढतीच्या वेळी, हातात शस्त्र देताना त्याच्या मागं लागतं. लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेत जाणाऱ्यालाही हीच धास्ती. सरकारची चार जुनी मनोरुग्णालयं आहेत ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही.

108 च्या पायलटची, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकाची, गत याहून वाईट. 2014 पासून ही सेवा महाराष्ट्रात धावते आहे, 937 गाड्यांनिशी सुरू झाली. गाडी सरकारच्या नावानं पळते, माणूस मात्र ठेकेदाराचा. शेतात औषध पिलेल्या माणसाला गाडीत घालायचं, मागं त्याची बायको आक्रोश करतेय, पुढं खड्ड्यांचा रस्ता, आणि माणूस दवाखान्याच्या दारात जीव सोडतो. गाडी धुवायची की पुढचा कॉल. या पायलटचं मन कुणाच्या हजेरीपटावर आहे? आरोग्य खातं ठेकेदाराकडं बोट दाखवणार, ठेकेदार करारातल्या कलमांकडं. आणि गोदावरीत उड्या घेऊन मृतदेह काढणाऱ्या जीवरक्षकांच्या मनाचं तर कुणी विचारतच नाही.

आशाताईंचं बघा. 2015 मध्ये सरकारनं शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. आशाताईनं घरोघर जाऊन शेतकऱ्याला विचारायचं, झोप लागते का, जगावंसं वाटतं का. ज्या घरात तिनं विचारलं, त्याच घरात पुढं फास लागला, तर तिचं काय होतं? ती त्याच गल्लीत राहते. रोज त्या दारावरून जाते.

हे दुखणं आजचं नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3.56. आदल्या रात्री गणेश विसर्जनाचा बंदोबस्त करून पोलीस नुकते आडवे झाले होते. भूकंपानं किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली, 7,900 वर माणसं गेली. पोलीस, राखीव दल, जवान, होमगार्ड, शेजारच्या गावांतली पोरं, सगळे पावसात दगडमातीतून प्रेतं उपसत होते. सरण रचायला लाकूड पुरेना, तेव्हा पडक्या घरांचेच वासे वापरले. त्या पिढीतले बहुतेक पोलीस आता निवृत्त झालेत. त्यांनी ते दिवस कसे पचवले, ते त्यांच्या बायकापोरांना विचारा. कुणी गप्प झालं, कुणी बाटली जवळ केली, कुणी अजून पहाटे चारला उठून बसतं. या मातीत असं होऊन गेल्यावरही 2025 च्या ऑगस्टमध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव पाण्याखाली गेली, तेव्हा मदतीला उतरलेल्यांच्या मनाचा विषय कुणाच्या आढावा बैठकीत मोठ्यानं निघाला?

उलट काय घडतं, तेही नांदेडनं पाहिलं आहे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये विष्णुपुरीत 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. मृत्यूंचा जाब विचारलाच पाहिजे. पण तिथं आलेल्या खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. ज्यांच्या हातात ती बाळं गेली, त्या परिचारिकांना यातून काय कळलं असेल? तुटलात तरी चेहऱ्यावर दाखवू नका, एवढंच.

आता कुणी म्हणेल, मुख्यालयात तणावमुक्ती शिबिर होतं की! होतं. हॉल, सतरंजी, वक्ता, हारतुरे, समोर वरिष्ठ बसलेले. साहेबांच्या देखत कोण बोलणार की मला झोपेत पोराची बॉडी दिसते? घटनेनंतर माणसाला एकदाच बसवून बोलतं करायची पद्धत परदेशातही खूप चालली. 2002 च्या ‘कोक्रेन’ या वैद्यकीय आढाव्यानं अभ्यास तपासून सांगितलं की, असल्या एका बैठकीनं पुढचा आजार टळत नाही, काहींना त्रासच होऊ शकतो. उपयोग होतो तो सवडीनं, विश्वासानं, पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या माणसाचा. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलानं 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात 343 माणसं गमावली. त्यानंतर त्यांनी आपला समुपदेशन विभाग वाढवला आणि तज्ज्ञांच्या जोडीला निवृत्त जवानांनाच मदतीला घेतलं. ज्यानं धूर खाल्लाय, त्याच्यापाशी माणूस मोकळा होतो.

आपल्याकडं असे निवृत्त हवालदार किल्लारीच्या पिढीत आहेत. त्यांना शिकवा, मानधन द्या. पुढची गोष्ट त्याहून सोपी आहे. नांदेडच्या माणसाला लातूरचा समुपदेशक द्या आणि लातूरच्या माणसाला नांदेडचा. आधी फोनवर, गरज पडली तर प्रत्यक्ष. नावाऐवजी क्रमांक, समुपदेशक खात्याबाहेरचा, आणि भेटीचा वेळ ड्युटीत धरलेला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 23 उपचाराबाबत गोपनीयतेचा हक्क देतं. तो हक्क वर्दी चढवली म्हणून गळून पडत नाही. याच कायद्याचं कलम 100 रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाची जबाबदारी ठाणेदारावर टाकतं. मग ठाण्यातल्या माणसाची जबाबदारी कुणाची, हे लेखी ठरवायला काय हरकत आहे?

घरच्यांनो, एखाद्या घटनेनंतर तुमच्या माणसाची झोप महिनाभरानंतरही उडालेली असेल, तो पोरांवर विनाकारण खेकसत असेल, रोज पीत असेल, घटना घडली त्या रस्त्यानं जायचं टाळत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणू नका. हा आजार असू शकतो आणि तो उपचारानं बरा होऊ शकतो. त्याच्याऐवजी तुम्हीही 14416 लावू शकता. आणि दोन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांना, जिल्हाधिकाऱ्यांना, पोलीस अधीक्षकांना एकच मागणं: जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत या कामासाठी पैसे धरा, आणि 108 च्या कंत्राटी पायलटला व आशाताईला त्यातून वगळू नका.