नवबडोदेकर

बडोद्यात मराठी माणसाला परकं वाटायचं तसं काही कारण नाही. दांडिया बाजारात जरा वेळ उभं राहिलं तरी ओळखीचं आडनाव कानावर पडतं. तरीही नाशिक-पुण्याकडून बदलीवर आलेला गृहस्थ पहिले काही महिने तक्रारीतच काढतो. आमटी गोड, भाजी गोड, दुकानदाराचं 'आवो ने' तेही गोड. रात्री जेवणं उरकून अर्धं शहर आइस्क्रीम खायला बाहेर पडतं आणि हा गोत्री रोडवरच्या आठव्या मजल्यावरून खाली बघत विचारतो, "यांना उद्या कामंधामं नाहीत का?" सुटी आली की सामान आवरून स्टेशन गाठतो. इथपर्यंत त्याचा कुणाला त्रास नसतो.

मग एका रविवारी बायको त्याला मंगळ बाजारात नेते. ती पडद्याच्या कापडाचा भाव पाडत असते आणि पिशव्या धरून उभ्या राहिलेल्या ह्याला दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे हा मान वर करतो. समोर न्यायमंदिर. शेजारचा दुकानदार सहज सांगून जातो की हे मुळात भाजी मंडईसाठी बांधायला घेतलं होतं, १८९६ मध्ये उघडलं आणि पुढे त्याचं कोर्ट झालं. संपलं! असल्या कमानींखाली वांगी विकायचा बेत करणारं गाव साधंसुधं नसणार, हे त्याच्या डोक्यात बसतं. पडद्याचं कापड त्या दिवशी महागच पडतं, कारण ऐन वेळी "चल, भाव सोड, आतून बघू" म्हणून तो बायकोला ओढून नेतो.

आता आमचं म्हणाल, तर आमच्या तीन पिढ्या भाऊबंदकीच्या तारखा घ्यायला त्याच इमारतीत गेल्या. आजोबा गेले, वडील गेले, मी गेलो. वर बघायला कुणाला सवड होती? समोरच्या पक्षाचा वकील कुठून येतो यावर लक्ष ठेवावं लागायचं.

तर असा हा नवबडोदेकर जन्माला येतो. टोपी, पाण्याची बाटली, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये सयाजीरावांचं चरित्र. रविवारी सकाळी साडेसहाला तो मांडवीत हजर असतो. त्या वेळी मांडवीत फक्त दूधवाले, गाई आणि हा. चारी दरवाजे त्याला पाठ: लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट. दरवाज्याच्या दगडाला टेकून बसलेल्या फुगेवाल्याला तो हात जोडून सांगतो की भाऊ, हा वारसा आहे. फुगेवाला सरकून त्याला जागा करून देतो. बडोद्याचा माणूस आदबशीर आहे. बसायचंय तर बसा.

त्याच्या घरी जाणं मात्र जोखमीचं. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हाती लिंबाचं सरबत दिलं जातं आणि पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत यजमान सुरू होतात. "सरबतावरून आठवलं. १८७४ साली इथल्या इंग्रज रेसिडेंटाला, कर्नल फेयरला, पपनसाच्या सरबतातून विष घातल्याचा बोभाटा झाला. सोमल आणि हिऱ्याची पूड!" पाहुणा पेल्याचा तळ निरखू लागतो. "फेयरनं घोटभर घेतलं आणि बाकीचं फेकून दिलं. आळ आला मल्हारराव गायकवाडांवर. चौकशी आयोगाचं एकमत झालं नाही, तरी इंग्रजांनी ७५ साली त्यांना गादीवरून काढलंच. म्हणून आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी दत्तक घेतला. कुठून? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून! बारा वर्षांचा गोपाळ. 'इथं कशाला आलास?' विचारल्यावर म्हणे तो पोरगा म्हणाला, 'राज्य करायला.' तोच सयाजीराव. १९३९ पर्यंत राज्य केलं. म्हणजे बघा, ते एक सरबत झालं नसतं, तर..." आणि हात खिडकीकडे जातो. खिडकीबाहेर गोत्रीची पाण्याची टाकी दिसते, पण त्याला त्यात अख्खं बडोदं दिसत असतं. स्वतः नाशिकचा असेल तर 'कवळाण्या'वर आवाज थोडा चढतो. बदलीचा हुकूम घेऊन आलेले आपण आणि दत्तकविधान होऊन आलेले सयाजीराव यांच्यात तसा फारसा फरक नाही, असं त्याला आतून वाटत असावं.

पाहुण्याची खरी परीक्षा लक्ष्मी विलास पॅलेसला. तिथे कानाला लावायचं यंत्र मिळतं, पण ते लावलं तरी हा त्याच्यावर आवाज चढवून बोलतो. हा राजवाडा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे, हे वाक्य बडोद्यात प्रत्येकजण बोलतो. कोणी टेप लावून मोजलं, असं विचारायची पद्धत नाही. नवबडोदेकर ते आमच्याहून ठासून बोलतो. मग मेजर मँटची गोष्ट. आराखडा त्याचा, पण आपलं गणित चुकलं, हा डोलारा कोसळणार, या धसक्यानं त्यानं जीव दिला असं सांगतात. पुढचं काम चिझमनं पुरं केलं, १८९० मध्ये. "आणि बघा," हा खांबावर थाप मारतो, "अजून उभा आहे!" रखवालदार लांबूनच "खांबाला हात लावायचा नाही" म्हणून ओरडतो. तो आता ह्याला नावानं ओळखतो.

मुलांची दया येते. बाकीची पोरं सयाजीबागेत खेळतात. ह्याची पोरं संग्रहालयात निळ्या देवमाशाच्या सांगाड्याखाली उभी राहून मही नदीच्या मुखाशी तो कसा आला ते ऐकतात. धाकटीला इजिप्तची ममी आवडते, कारण ममी बोलत नाही. मध्यवर्ती ग्रंथालयात नेलं तर पुस्तक मिळत नाही, आधी पायाखालची काचेची जमीन बघावी लागते. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणवला, वरच्या मजल्यावरचा उजेड काचेतून खालच्या कपाटांपर्यंत उतरतो. हे सगळं खरं आहे. कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, तेही खरं. तांबेकर वाड्याच्या भिंतींवर महाभारत आणि कृष्णलीला आहेत, तेही. माझं लहानपण त्या वाड्याच्या आसपास गेलं आणि आम्ही त्याच्या ओट्यावर कैऱ्या खाल्ल्या. चित्रं कुठे पळून जाणार होती?

एवढंच की माझ्याच बहिणीच्या नातवाला शाळेतल्या प्रकल्पासाठी माहिती हवी होती, तेव्हा तो माझ्याकडे आला नाही, ह्याच्याकडे गेला. पोराला चांगले गुण पडले. ठीक आहे.

पावसाळ्यात त्याची गंमत होते. विश्वामित्री फुगली की मगरी रस्त्यावर येतात. आम्ही वनखात्याला किंवा प्राणी वाचवणाऱ्या पोरांना फोन लावतो आणि पायरीवरून चहा पीत बघत बसतो. पहिल्या पावसाळ्यात हा पार्किंगमध्ये मगर बघून दुचाकीवर चढून उभा राहिला होता. दुसऱ्या पावसाळ्यात तोच खाली जमलेल्या लोकांना सांगत होता, "घाबरू नका, ती इथली आहे. आपण नंतर आलो."

एका ठिकाणी मात्र तो बडबड करत नाही. सयाजीबागेत, जिला जुने लोक कामाठी बाग म्हणतात तिथे, संकल्पभूमी आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. आंबेडकर करारानुसार १९१७ मध्ये नोकरीला इथे आले. राहायला जागा मिळेना. पारशी म्हणून एका धर्मशाळेत राहिले, तर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना हाकललं. ओळखीच्या हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांनीही घरात घेतलं नाही. मुंबईच्या गाडीला वेळ होता म्हणून ते या बागेत बसून राहिले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. नवबडोदेकर पाहुण्याला हे चार वाक्यांत सांगतो आणि थांबतो. सयाजीरावांच्या कौतुकात हे कुठे बसवायचं ते त्याला अजून जमलेलं नाही. त्यालाही फ्लॅट मिळायला दोन महिने लागले होते. मांसाहार करता का, हे पाच घरमालकांनी विचारलं होतं. ते तो पूर्वी सगळ्यांना रंगवून सांगायचा. संकल्पभूमी बघितल्यापासून सांगत नाही.

बाकी सेवउसळीवरही त्याचं संशोधन आहे. उसळ आपली, तर्री आपली, वर शेव गुजराती, त्यामुळे या खाद्यपदार्थात संस्थानचा इतिहास आला आहे असं त्याचं म्हणणं. आमचं म्हणणं पाव आणखी दोन द्या.

गेल्या महिन्यात सी विंगमध्ये कोल्हापूरहून एक वास्तुविशारद मुलगी राहायला आली. गणपतीच्या मीटिंगला तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला माहितीये का, सयाजीरावांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या आजव्याच्या तलावातून अजून शहराच्या पूर्वेकडे पाणी येतं! इथलं कुणी बघायला गेलंय?" सगळे ह्याच्याकडे वळले. तो आजव्याला गेलेला नव्हता. त्याच्या वहीत आजवा नव्हताच. खुर्चीत मागे टेकून, पायावर पाय टाकून, माझ्या वडिलांची आठवण व्हावी अशा आवाजात तो म्हणाला, "हो, ते आहेच ने. त्यात काय बघायचंय? तुम्ही नवीन आहात, म्हणून."

मी त्याच्यासाठी चहा सांगितला. साखर जास्त.