गुडघे टेकलेल्याचं उभ्यांना अनावृत पत्र

समस्त उभे वल्हेकरी बंधू-भगिनींना,



पत्र लिहिणारा इसम मूळचा गुहागरचा, हल्ली मुक्काम टेम्सकाठी. मी कॅनो चालवतो. या उघड्या होडीत गुडघे टेकून बसायचं, एका पात्याचं वल्हं एकाच बाजूनं मारायचं आणि तरीही सरळ जायचं असतं. वल्हं पाण्यातून काढता काढता मनगट फिरवून नाक पुन्हा जागेवर आणायची ही युक्ती जमायला मला तीन उन्हाळे लागले. तुम्हाला फळीवर उभं राहायला म्हणे वीस मिनिटं लागतात. माझं खरं दुखणं एवढंच आहे. पण खुलं पत्र एवढ्यात आटपलं तर बरं दिसत नाही, म्हणून पुढे लिहितो.

तुम्ही येण्यापूर्वी आमच्या क्लबात दोनच पंथ होते. कयाकवाले बूड टेकतात, कॅनोवाले गुडघे. कोणाचं टेकणं श्रेष्ठ यावर आमची वर्षानुवर्षं सुखानं भांडणं चालली होती. (पाठमोरे बसून, न बघितलेल्या दिशेला जोरात जाणारे रोइंगवाले आम्ही माणसांत धरत नाही.) मग एका वसंतात धक्क्यावर पाठीला गाठोडी लावलेली माणसं दिसू लागली. गाठोडं सोडलं, गुंडाळी उलगडली आणि पंप सुरू झाला. फुस्स, फुस्स. पंधरा पीएसआयचा दाब भरेपर्यंत तुम्ही धक्का अडवता, आणि आम्ही वीस-पंचवीस किलोची होडी खांद्यावर घेऊन, लग्नात आहेर हातात धरून उभं राहावं तसे रांगेत उभे. त्या वेळात वल्हवून मी पुढच्या पुलापर्यंत जाऊन आलो असतो. दाब भरला की अंगातला तो घोट्यापर्यंतचा अस्तराचा झगा उतरतो, फोटो निघतात, कुत्रा फळीवर चढतो. कुत्र्याच्या अंगात लाइफ जॅकेट असतं. मालकाच्या अंगात नसतं.

उभं राहण्याला माझा तात्त्विक विरोध आहे असं समजू नका. आमचं दैवतच विटेवर उभं आहे. पण त्यानं हात कमरेवर ठेवलेत, कारण त्याला कुठे जायचं नाही. तुमच्या हातात वल्हं आहे, त्यावरून तुम्हाला कुठेतरी जायचं असावं असा माझा समज होतो. वाऱ्याचा होत नाही. वाऱ्याच्या दृष्टीनं तुम्ही साडेपाच फुटांचं शीड आहात, आणि तेही सुकाणू नसलेलं. मग तुम्ही शहाण्यासारखे खाली बसता, प्रशिक्षकही तसंच शिकवतात, आणि माझ्या शेजारून गुडघे टेकून जाता. त्या वेळी मी मुद्दाम आकाशाकडे बघतो. मी इतका हलका माणूस नाही. पण आहे थोडासा.

हे सगळं मी क्लबाच्या वार्षिक सभेत बोलणार होतो. तुमच्या या स्टँड-अप पॅडलिंगला, म्हणजे ‘सप’ला (नाव तरी काय! आमच्या मास्तरांची छडी असा आवाज करायची) क्लबात प्रवेश नको, असा ठराव माझ्या नावावर होता. भाषणात ‘परंपरा’ हा शब्द सात वेळा घातला होता. वजन यावं म्हणून थोडा इतिहासही चाळायला घेतला, आणि तिथेच घात झाला.

या देशात हौशी कॅनोचं वेड लावलं ते जॉन मॅकग्रेगर नावाच्या एका बॅरिस्टरनं. १८६५ साली ‘रॉब रॉय’ नावाची होडी बांधून घेऊन तो युरोपच्या नद्या फिरला, त्यावर पुस्तक लिहिलं आणि १८६६ मध्ये क्लब काढला. दुसऱ्याच वर्षी प्रिन्स ऑफ वेल्स त्याचे कमोडोर. म्हणजे एका माणसानं नवं खेळणं आणलं, पुस्तकातून गाजवलं आणि बड्या घरच्यांनी ते उचललं. ही गोष्ट मला ओळखीची वाटू लागली. त्यात ‘रॉब रॉय’ वरून झाकलेली होती आणि तिचं वल्हं दोन पात्यांचं. आजच्या भाषेत कयाकच ती! आमचा मूळ पुरुष दुसऱ्या पंथाचा निघाला. ‘कॅनो’ हा शब्द तरी आपला असेल म्हणावं, तर तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, स्पॅनिश खलाशांनी उचलून आणलेला. परंपरा सातवरून चारवर आली.

मग तुमचं कुळ शोधलं. हवाईत वायकीकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना लाटांवर स्वार व्हायला शिकवणारे बीचबॉइज गेल्या शतकाच्या मध्यावर हातात वल्हं घेऊन फळीवर उभे राहू लागले. शिकाऊंवर नजर ठेवता येते, गळ्यातला कॅमेरा भिजत नाही, लांबची लाट आधी दिसते. पुढे २००० च्या आसपास लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी त्याला मोठ्या लाटांत नेलं आणि जगभर हवा झाली. हे सगळं ठीक. पण त्या बीचबॉइजच्या हातात वल्हं कोणतं होतं? तिथल्या उलांडीच्या कॅनोचं. उलांडी लावलेल्या होड्या आमच्या कोकण किनाऱ्यावरही आहेत, आणि खाडीत उभ्यानं बांबू रेटणाऱ्या तरीवाल्याला ‘अहो, बसा’ म्हणालेला एकही कोकणी माणूस मला आठवत नाही.

एवढ्यावरही मी ठराव रेटला असता. पण आमच्याच वडीलधाऱ्यांनी माझे पाय कापले. इथे खाली आम्ही तुम्हाला नाकं मुरडत होतो, तेव्हा वर आंतरराष्ट्रीय कॅनो महासंघ तुमच्यावर हक्क सांगत होता. सर्फिंगवाले म्हणत, फळी आमची. कॅनोवाले म्हणत, वल्हं आमचं. प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला: ऑलिंपिकच्या पातळीवर सप सर्फिंगवाल्यांचा, कॅनोवाल्यांनी आपल्या स्पर्धा खुशाल भरवाव्यात. आणि ऑलिंपिकमध्ये सप अजून आलेलाच नाही. पोरगी नाकारायची आणि तिच्या लग्नात मानपानावरून रुसायचं, हा प्रकार फक्त आमच्याकडेच होतो असं मला वाटे.

तरी सभेत मी बोललोच. खजिनदार बाईंनी माझं भाषण शांतपणे ऐकलं आणि दोनच गोष्टी सांगितल्या. एक, नव्या सभासदांत फळीवाले किती. दोन, आपल्या राष्ट्रीय संघटनेनं २०२४ मध्ये ‘ब्रिटिश कॅनोइंग’ हे नाव टाकून ‘पॅडल यूके’ घेतलं आहे. वल्हं राहिलं, कॅनो गेला. ठराव एका मतानं पडला असं मी घरी सांगितलं. त्याच्या बाजूनं एक मत होतं, हे खरं. शिवाय क्लबानं सहा फळ्या घ्यायचं ठरवलं आणि त्या सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

त्या अधिकारात एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून सांगतो. घोट्याला बांधलेली दोरी समुद्रावर तुम्हाला वाचवते. वाहत्या नदीत ती झाडात, खांबात अडकली की पाण्याच्या जोरापुढे वाकून घोट्यापर्यंत हात पोचत नाही. नदीत दोरी कमरेला, एका झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्याला लावा. आणि बंधारा आला की काठाला लागा, फळी काखेत मारा, चालत जा. ३० ऑक्टोबर २०२१ ला वेल्समध्ये हॅवरफर्डवेस्टला पावसानं फुगलेल्या नदीत फळ्या बंधाऱ्यावर गेल्या आणि चार माणसं मेली. बंधारा वरच्या अंगानं सपाट आणि गरीब दिसतो. खालचं पाणी माणसाला गोल फिरवून धरून ठेवतं. तिथे बसलेला, टेकलेला, उभा, सगळे सारखेच.

बाकी तक्रारी कायम आहेत. पंप धक्क्यावर नको, गवतावर मारा. रोइंगवाल्यांच्या वाटेत आडवे उभे राहू नका. ते मागे बघत नाहीत आणि नंतर ओरडतात आमच्यावर. सूर्यास्ताला योगासनं करायची तर पुलाच्या कमानीखाली करू नका. कुत्र्याला माझा नमस्कार.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक टेकलेला

ता. क. : गेल्या रविवारी सकाळी सहाला, कोणी नसताना, धक्क्यावर पंप मारणारा इसम मीच होतो, हे तुमच्यापैकी कुणीतरी पाहिलंय असं कळलं. फळी तपासणं माझं काम आहे. गुडघे टेकून, एकाच बाजूनं वल्हवत मी ती पुलापर्यंत सरळ नेऊन आणली, तेही नोंदवून ठेवा. मुलगी काठावरून ओरडत होती, “बाबा, आता तरी उभा राहा ना!” मी म्हटलं, वारा आहे. काठावरच्या विलोचं पानसुद्धा हलत नव्हतं.